अक्कांची दोन कपाटं

माणूस कसा आहे हे त्याच्या घरच्या संडासावरून कळतं, असं पुष्कळ लोक म्हणतात. अक्कांना हे अजिबात मान्य नव्हतं. "संडासावरून फक्त पाणी कसं आहे ते कळतंय," त्या म्हणायच्या. "माणूस कळायला त्याच्याबरोबर काम करायला लागतंय."

मी त्यांच्याबरोबर काम केलं. कोरमंगलात एक काचेची इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर वेगळी कंपनी, आणि त्या सगळ्यांची सफाई, लिफ्ट, दिवे, पाणी बघायचं काम आमच्या कंत्राटी कंपनीकडे. मी ॲडमिनमध्ये अगदी नवा होतो. अक्का हाउसकीपिंगच्या प्रमुख. त्यांचा हुद्दा चांगला लांबलचक इंग्रजी होता, पण तो फक्त गळ्यातल्या कार्डावर होता. सफाईवाल्या बायका त्यांना अक्का म्हणत, म्हणून वॉचमन म्हणत, टँकरवाले म्हणत, आणि महिनाभरात मीही म्हणायला लागलो.

त्या निपाणीकडच्या. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होत्या. तो कारखाना दुसऱ्या राज्यात हलला आणि अक्का बेंगळुरातच राहिल्या. "बीकरमधून कमोडमध्ये आलो," असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि त्यात आपण काही पायऱ्या उतरलो असं त्यांना मुळीच वाटत नसे. "रसायन तेच. भांडं तेवढं मोठं."

'आलो' हे मी चुकून लिहिलेलं नाही. त्यांच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी त्या फोनवर "मी पुरुषांच्या टॉयलेटमध्ये आलोय, तू वर ये" म्हणाल्या तेव्हा मी कुणातरी गृहस्थाला शोधत होतो. मी साताऱ्याचा, पण कोल्हापूरच्या पलीकडचं सगळं त्यांच्या हिशेबी पुणंच होतं. त्यामुळे त्या मला शेवटपर्यंत पुणेकर म्हणाल्या. इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. म्हणून माझ्या वाट्याला त्यांचं बोलणं जरा जास्त आलं.

अक्कांच्या पर्समध्ये संगमरवराचा एक तुकडा असे. शेजारी नळाची एक जुनी चकचकीत कडी. कमोड साफ करायचं नवीन औषध घेऊन विक्रेते यायचे, ते बहुतेक एकच खेळ करायचे. एक काळंकुट्ट नाणं काढायचं, त्यावर दोन थेंब टाकायचे, पुसायचं आणि लखलखीत करून टेबलावर ठेवायचं. अक्का ते नाणं नीट बघायच्या. मग म्हणायच्या, "छान. आमच्याकडं नाण्यांचे संडास नाहीत." आणि पर्समधून संगमरवर काढायच्या. त्यावर दोन थेंब पडले की तो फसफसायचा. कडीवर थेंब पडले की तिची चकाकी जायची.

"आमची फरशी ही अशी आहे आणि नळ हे असे आहेत," अक्का शांतपणे सांगायच्या. "ब्रश कमोडमधून बाहेर येताना ठिबकतोच. आता दुसरं सांग. तुझ्या घरी हेच वापरतोस?"

विक्रेता इकडेतिकडे बघायचा.

"सरी," अक्का कन्नडमध्ये 'ठीक आहे' म्हणायच्या. "चहा घेऊन जा."

सुवासाचा त्यांना तिटकारा होता. मोगरा, लिंबू, निलगिरी, काही चालत नसे. "वास आला नाही की समजायचं स्वच्छ. चांगला वास आला की समजायचं काहीतरी झाकलंय." एकदा वरच्या मजल्यावरच्या एका कंपनीनं स्वतःच्या हौसेनं टॉयलेटमध्ये मोगऱ्याचे फवारे बसवले. अक्का आत जाऊन आल्या आणि त्या कंपनीच्या मुलीला म्हणाल्या, "पहिल्यांदा एकच वास होता. आता दोन झाले."

कुणी चूक बोललं तर त्यांना राहवत नसे. मोठ्या मीटिंगमध्ये कुणी सहज बोलून गेलं की ॲसिडनं सगळे जंतू मरतात, तर त्या हात वर करायच्या आणि चर्चा थांबवून सांगायच्या, की ॲसिड डाग काढायला असतं, जंतूंचं औषध वेगळं. कमोड पांढरा दिसला म्हणजे तो स्वच्छ झालाच असं नाही. एखादा नकोसा फोन आला की मी खुणेनं विचारायचो, 'नाहीत म्हणून सांगू?' त्या फोन घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी आहो. पण मला तुमच्याशी बोलायचं नाही." आणि ठेवून द्यायच्या. खोटं बोलणं त्यांना पाप वगैरे वाटत नव्हतं. त्यांना ते लेबल नसलेल्या बाटलीसारखं वाटायचं. आज नाही तर उद्या कुणीतरी पाणी समजून पिणार.

लेबल नसलेली बाटली सापडली की इमारतीत बंदोबस्तच लागायचा. ती बाटली वाळूच्या बादलीत उभी केली जायची, अक्का सगळ्यांना बोलावून विचारायच्या, "हे कुणाचं?" मग "ओतलं कुणी, कशातून ओतलं, पाण्याच्या बाटलीत का ओतलं," असं चालू व्हायचं. एकदा त्या बाटलीत खरोखरच पाणी निघालं. वॉचमनचं होतं. अक्कांनी त्यालाही सोडलं नाही. "पाण्यालासुद्धा नाव पाहिजे," म्हणाल्या.

त्यांच्या भाचीच्या लग्नाला मी राजाजीनगरच्या एका हॉलमध्ये गेलो होतो. अक्षता पडायच्या आधी अक्का दिसेनाशा झाल्या. बराच वेळ झाला तसे घरचे घाबरले, कुणी डॉक्टर आहे का विचारू लागलं. अक्का हॉलच्या टॉयलेटमधून पदर सावरत आल्या आणि वधूपित्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बोअरचं पाणी आहे. आत चुन्याचा थर बसलाय, आणि हे लोक वरून नुसतं ब्लीच मारालेत. थर पांढरा होतोय, जात नाही." वधूपित्याला वाटलं, व्याह्यांबद्दल काही कळलंय. त्याला खुर्ची द्यावी लागली.

पण अक्कांची खरी ओळख त्यांच्या वर्गात व्हायची. नवीन बायका कामावर आल्या की तळघरातल्या खोलीत हा वर्ग भरे. बहुतेक बायका रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडच्या. अक्का त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत, आणि मला कन्नड यावं म्हणून मलाही बसवून घेत. त्या टेबलावर दोन बाटल्या ठेवायच्या, एक ॲसिडची, एक ब्लीचची.

"ह्या दोघी जावा," त्या सांगायच्या. "दोघी कामाच्या. दोघी शहाण्या. पण एका स्वयंपाकघरात ठेवायच्या नाहीत. एक गेली, भरपूर पाणी गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी आली तर चालतंय. एकाच वेळी एका भांड्यात आल्या तर दोघी मिळून तुझा जीव घेणार."

म्हणून त्यांनी भांडून दोन कपाटं मिळवली होती. एक पूर्वेच्या जिन्याखाली, एक पश्चिमेच्या. रोजच्या कामाला साधं सौम्य औषध, तेही थोडंसं. आधी ब्रशनं कमोडमधलं पाणी आत ढकलायचं, मग कडेच्या आतून औषध फिरवायचं, आणि मग थांबायचं. ह्या थांबण्यावर त्यांचा फार जोर होता. "औषधाला काम करू दे. तू घासून घासून त्याच्या पुढं जाऊ नको." हातमोजे, चष्मा, बंद बूट, दार उघडं, पंखा चालू. ब्लीच अगदी स्वल्प, कारण इमारतीच्या तळाशी सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट होता आणि ते काम करणाऱ्या जिवाणूंना अक्का 'खालची मंडळी' म्हणत. "ब्लीच जास्त झालं की खालची मंडळी मरतात. मग आठवडाभर वरची मंडळी नाकाला रुमाल लावून हिंडतात."

ह्या वर्गात महादेवी नावाची एक बाई होती, कलबुर्गीकडची, नवऱ्याशिवाय दोन मुली वाढवणारी. बाकीच्या बायका पेंगत असताना ती पुढे सरकून बसायची आणि प्रश्न विचारायची. ॲसिडमध्ये पाणी ओतायचं की पाण्यात ॲसिड, हे वर्गात तिनं एकटीनं बरोबर सांगितलं. अक्का खूश झाल्या की काही बोलत नसत, फक्त चष्मा पुसत. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

मग तो पाण्याचा वाईट उन्हाळा आला. नळाला पाणी नाही, टँकर कुठून कुठून येणार, प्रत्येक टँकरचं पाणी आधीच्यापेक्षा जड. सगळ्या कमोडना आतून तपकिरी कडं बसलं. त्यातच वरच्या मजल्यावरच्या कंपनीकडे परदेशातून मोठे पाहुणे यायचं ठरलं.

आमचे मॅनेजर उत्तरेकडचे होते, उत्साही. त्यांनी अक्कांना बोलावलं. "मॅडम, ये ब्राउन रिंग कल तक जानी चाहिए."

"जाईल," अक्का त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "पण उद्यापर्यंत नाही. थर हळूहळू बसलाय, हळूहळूच निघणार. सौम्य ॲसिडची जेल रोज थोडा वेळ लावून ठेवायची. घाईनं काढला तर कमोडचं पॉलिशही जाईल, मग दुप्पट बसेल."

"मॅडम, ये सब थियरी है."

"थियरीच आहे," अक्का म्हणाल्या. "म्हणून खरी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांना बोम्मसंद्र्याच्या एका साइटवर पाठवलं गेलं. तेवढ्या वेळात मॅनेजरनी बाजारातून जहाल ॲसिडचे कॅन आणवले. पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तूंचे खोके ठेवायला जागा नव्हती, म्हणून पश्चिमेचं कपाट रिकामं करवलं. त्यातलं ब्लीच पूर्वेच्या कपाटात, ॲसिडच्या शेजारी गेलं. मी तिथंच होतो. मी "अक्कांना विचारू या का?" असं म्हणालो. "वो आएँगी तो वापस रख देंगे," मॅनेजर म्हणाले.

महादेवीला पाहुण्यांच्या मजल्यावरचं पुरुषांचं टॉयलेट दिलं होतं. तिनं ॲसिड टाकलं. कडं थोडं फिकं झालं, गेलं नाही. सुपरवायझर दारात उभा राहून घाई करत होता. पाहुणे लिफ्टमध्ये होते. त्यानं हाताशी असलेली दुसरी बाटली उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, हेही टाक, लवकर. तिनं टाकलं.

मी पॅसेजमध्ये पोचलो तेव्हा महादेवी भिंतीला टेकून बसली होती. तिचा खोकला मी आधी कधी ऐकलेल्या खोकल्यासारखा नव्हता. श्वास आत जातच नव्हता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. टॉयलेटच्या दाराखालून पोहण्याच्या तलावाचा असतो तसा, पण घशाला ओरबाडणारा वास येत होता. आणि त्याच वेळी अक्का जिन्यातून वर आल्या. बोम्मसंद्र्याहून त्या परत का आल्या ते मला माहीत नव्हतं. नंतर कळलं की वॉचमननं त्यांना फोन करून कपाट रिकामं केल्याचं सांगितलं होतं.

अक्कांनी एकदा वास घेतला आणि श्वास रोखला. टॉयलेटचं दार ओढून घट्ट लावलं. महादेवीला काखेत हात घालून उठवलं. "खाली नाही, उघड्यावर," म्हणाल्या आणि त्याच मजल्यावरच्या कॅन्टीनच्या गच्चीवर तिला घेऊन जायला लागल्या. जाता जाता मला ओरडल्या, "एसी बंद कर! अलार्म फोड!"

समोर लिफ्टचं दार उघडून पाहुणे बाहेर येत होते. त्यांच्या गळ्यात हार पडत होते. मी अलार्मच्या काचेकडे बघत राहिलो.

"बघालास काय नुसता?" अक्का परत आल्या, कोपरानं काच फोडली आणि पुन्हा गच्चीकडे गेल्या.

सगळी इमारत रस्त्यावर उतरली. हार घातलेले पाहुणे झाडाखाली उभे होते. त्यांच्यातले मुख्य गृहस्थ फार खूश होते. इतक्या शिस्तीची फायर ड्रिल आपण कुठं पाहिली नाही, असं ते मॅनेजरना म्हणाले. मॅनेजरनी नम्रपणे मान झुकवली.

गच्चीवर सुपरवायझर दुधाचा ग्लास घेऊन आला होता, गॅस लागला की दूध द्यावं, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. अक्का महादेवीचे डोळे पाण्यानं धूत होत्या. "दूध तू पी," म्हणाल्या, "आणि ॲम्ब्युलन्सला वर यायचा रस्ता दाखव."

महादेवी वाचली. काही दिवस ऑक्सिजनवर होती, मग घरी गेली. तिच्या मुली आळीपाळीनं शाळा बुडवून तिच्याजवळ बसत. अक्का रोज संध्याकाळी जायच्या.

मग चौकशी झाली. मुख्य कचेरीतून एक साहेब आले. टेबलाच्या एका बाजूला ते आणि मॅनेजर, दुसऱ्या बाजूला सुपरवायझर, अक्का आणि मी. अक्कांनी आधी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. कपाट कुणी रिकामं केलं, कॅन कुणी आणले, बाटली कुणी हातात दिली. मॅनेजरनी काही नाकारलं नाही. ते फक्त म्हणाले, "लेकिन बोतल पे लेबल तो था ना, मॅडम? आपने ही लगवाया था. कन्नड में."

हे खरं होतं. अक्कांना ते नाकारता येईना.

साहेबांनी कंपनीचा नियम सांगितला. प्रशिक्षण घेतलेल्या कामगारानं लेबल असलेली दोन रसायनं मिसळली तर तो त्याचा निष्काळजीपणा. त्याला काढायचं, आणि पुढचे उपचार कंपनीकडून नाहीत. प्रशिक्षण दिलेलं नसेल तर जबाबदारी प्रशिक्षण देणाऱ्याची. त्यांनी अक्कांकडे बघितलं. "ह्या बाईला तुम्ही ट्रेनिंग दिलं होतं?"

मी अक्कांकडे बघत होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात धरला.

"नाही," अक्का म्हणाल्या. "ती बाई माझ्या वर्गात नव्हती. राहून गेलं."

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही वर्गात बसायचात ना? ती होती?"

"आठवत नाही, सर," मी म्हणालो आणि छताकडे बघितलं.

बाहेर आल्यावर मला वाटलं, अक्का काहीतरी बोलतील. त्या बोलल्याच. "आठवत नाही म्हणताना वर बघायचं नसतंय. समोर बघायचं." आणि जिन्याकडे चालू लागल्या. त्यांना महिन्याच्या नोटिशीवर काढण्यात आलं. महादेवीची नोकरी राहिली, उपचारही चालू राहिले.

नोटिशीचा महिना संपता संपता महादेवी कामावर परतली. अक्कांनी तिला आल्याआल्या तळघरातल्या खोलीत बोलावलं आणि मलाही.

"तुला शिकवलं नाही असं मी सांगून बसलोय," त्या तिला कन्नडमध्ये म्हणाल्या. "आता शिकवायला पाहिजे."

महादेवीला सगळं माहीत होतं, आणि ते अक्कांना माहीत होतं. तरी वर्ग अगदी पहिल्यापासून सुरू झाला. बाटली म्हणजे काय, लेबल कुठून वाचायचं, मोजे कसे उतरवायचे. महादेवी मान डोलवत होती. मधूनच "हो का अक्का?" म्हणत होती, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. दोघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी मात्र खाली बघत बसलो होतो.

सगळं झाल्यावर अक्कांनी विचारलं, "काही शंका?"

"एक आहे," महादेवी म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता. "त्या दिवशी वास आल्याबरोबर मी बाहेर आले होते. काही झालं नव्हतं मला. पण बादली आत राहिली होती. हरवली तर सुपरवायझर ओरडतो. म्हणून मी परत आत गेले. तेव्हा ते छातीत गेलं. असं झालं तर काय करायचं असतं, अक्का?"

अक्का उभ्या होत्या, त्या खुर्चीवर बसल्या.

"मी सांगितलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

महादेवीनं आठवून पाहिलं. "कसं मिसळायचं नाही ते सांगितलं होतं. मिसळलंच तर काय, ते नव्हतं सांगितलं."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मीही आठवून पाहिलं. मोजे, चष्मा, पंखा, थांबणं, खालची मंडळी. ती म्हणत होती ते खरं होतं. मिसळायचं नाही म्हटल्यावर कुणी मिसळेल, हे अक्कांच्या वर्गात बसतच नव्हतं.

"म्हणजे मी खोटं बोललो नाही," अक्का मराठीत म्हणाल्या, मला नाही, कुणालाच उद्देशून नाही. "शिकवलंच नव्हतं हिला."

मग त्यांनी महादेवीला विचारलं, डॉक्टरनं चालायला, धावायला परवानगी दिलीय का. दिली होती. अक्का उठल्या, कोपऱ्यातली बादली घेतली आणि खोलीबाहेर पार्किंगमध्ये आणून ठेवली. महादेवीला बादलीपाशी उभं केलं.

"वास आला," अक्का म्हणाल्या. "पळ."

महादेवी लाजली. उभ्या केलेल्या स्कूटरींजवळ दोन ड्रायव्हर सिगारेट ओढत होते, ते बघायला लागले. ती चार पावलं पळाली आणि तिनं मागं वळून बादलीकडे बघितलं.

"परत ये," अक्का म्हणाल्या. "बघितलंस. परत."

ती पुन्हा पळाली. पुन्हा रॅम्पच्या तोंडाशी तिची मान वळली. अक्कांनी पुन्हा बोलावलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "बादली कंपनीची आहे. ब्रश कंपनीचा आहे. तू तुझी आहेस. परत."

किती वेळ हे चाललं ते मी मोजलं नाही. ड्रायव्हरांच्या सिगारेटी संपल्या आणि तेही "ओडु, ओडु" म्हणत तिला पळायला सांगू लागले. शेवटी महादेवीनं साडी वर खोचली आणि निघाली. रॅम्प चढली, वॉचमनच्या पुढून गेली, गेटबाहेर उन्हात गेली आणि दिसेनाशी झाली. तिनं मागं बघितलं नाही.

अक्का बादलीशेजारी उभ्या राहून चष्मा पुसत होत्या. बऱ्याच वेळानं वॉचमन खाली आला आणि म्हणाला, ती बाई सिग्नलपर्यंत गेलीय, बोलावू का?

"नको," अक्का म्हणाल्या. "जाऊ दे अजून."